जात, जमात आणि कायदा : सातारा-सांगलीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस ठाण्याच्या पायरीवर, समाज कल्याणच्या खिडकीपाशी आणि कोर्टाच्या व्हरांड्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेवढेच इथे घेतले आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. लोकांच्या तोंडी अजून जुनीच कलमं आहेत, म्हणून गरज पडेल तिथे दोन्ही आकडे दिलेत.

‘ॲट्रॉसिटी’ म्हणतात तो कायदा नेमका कोणता?

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९. अंमल ३० जानेवारी १९९० पासून. नियम १९९५ चे. मोठी दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिने गुन्ह्यांची यादी वाढवली आणि पीडित व साक्षीदारांच्या हक्कांसाठी कलम १५-अ घातलं. २०१८ साली कलम १८-अ आलं, त्याबद्दल पुढे.

आम्ही रामोशी (वडार, कैकाडी, धनगर). आम्हाला हा कायदा लागतो का?

नाही. या प्रश्नावर सर्वांत जास्त गैरसमज आहे. कायदा फक्त अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांच्यासाठी आहे. महाराष्ट्रात रामोशी, वडार, कैकाडी, कंजारभाट, बेरड हे विमुक्त जातींच्या १४ नावांत येतात आणि धनगर भटक्या जमाती (क) मध्ये. आरक्षणाच्या फॉर्ममध्ये सगळे ‘मागास’ एका रांगेत दिसतात, म्हणून ठाण्यातही तसंच असेल असं वाटतं.

त्यातही खाचाखोचा आहेत. कैकाडी विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतात, साताऱ्यात आणि सांगलीत विमुक्त. एकाच आडनावाचे दोन भाऊबंद, एक अमरावतीला आणि एक आटपाडीला, कायद्याच्या नजरेत वेगळे. पारधी आणि फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, राज पारधी विमुक्तांत. म्हणून ‘पारधी’ एवढ्यावर थांबू नका, दाखल्यावर काय लिहिलंय ते वाचा. आपल्या भागातले महार, मांग, चांभार, ढोर, होलार हे अनुसूचित जातीत आहेत.

कायदा लागत नसेल तरी मारहाण, धमकी, बहिष्कार हे गुन्हेच राहतात. फक्त कलमं वेगळी लागतात.

आम्ही बौद्ध आहोत. दाखल्यावर ‘महार’ नाही. अडचण येईल?

१९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा आहे. त्यासाठी दाखल्याचा वेगळा नमुनाही आहे. ख्रिश्चन किंवा मुस्लिम झालेल्यांना मात्र अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही.

जातीचा दाखलाच काढलेला नाही. आधी दाखला, मग फिर्याद?

उलटं. आधी फिर्याद. गुन्हा नोंदवायला दाखला लागत नाही, जात तोंडी सांगितली तरी चालते. दाखला लागतो तो दोषारोपपत्राला जोडायला आणि अर्थसाहाय्याला. तो प्रांत कार्यालयातून निघतो. पुरावा मानीव (म्हणजे कायद्याने ठरवून दिलेल्या) तारखेच्या आधीचा हवा: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा किंवा गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद बहुतेक वेळा कामाला येते. फिर्याद दिल्याच्या दुसऱ्या दिवशीच अर्ज टाका, कारण तपासाला मुदत आहे.

फिर्यादीत काय लिहायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा. वर्षानुवर्षांनी सुटणारे बहुतेक खटले पहिल्या रात्रीच्या कागदावरच हरलेले असतात.

नेहमी दिसणारं वाक्य असं: ‘आरोपीने फिर्यादीस जातिवाचक शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली.’ यात काहीच नाही. कोणते शब्द, कुठे, कोणासमोर, हे कळत नाही. उलटतपासणीत बचावाचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, ‘शब्द काय होते?’ साक्षीदार चार वर्षांनी ते आठवून सांगतो, आणि मग ‘हे फिर्यादीत नव्हतं, नंतर सुचलेलं आहे’ असा मुद्दा निघतो.

आता असं बघा: ‘संध्याकाळी ६.३० च्या सुमारास मी दूध घालायला गावातल्या डेअरीसमोर उभा होतो. कॅन घेऊन सात-आठ जण रांगेत होते. त्या वेळी अमुक याने माझ्याकडे बोट दाखवून पुढील शब्द उच्चारले.’ आणि मग शब्द जसेच्या तसे, कितीही घाण असले तरी. लाज वाटते म्हणून लोक गाळतात आणि हवालदारही ‘कशाला लिहायचं ते’ म्हणतो. लिहायला लावा.

त्यापुढे: तुमची जात. आरोपीची जात, आणि तो अनुसूचित जाती-जमातीचा नाही हे स्पष्ट वाक्यात. ही एक ओळ नसल्याने वाद झालेले आहेत. आरोपीला तुमची जात माहीत होती हे कशावरून, तेही लिहा. शेजारी, एकाच शाळेतले, त्याच्या शेतात कामाला असं काहीही चालेल. कायद्याच्या कलम ८ मध्ये ओळखीवरून असं गृहीत धरता येतं, पण ओळख कागदावर हवी. रांगेतल्या दोघा-तिघांची नावं लिहा, आणि ती नातेवाइकांची नसलेली बरी. फिर्याद द्यायला दोन दिवस लागले असतील तर उशिराचं कारण (दवाखाना, भीती, गावकीची बैठक) तिथेच नोंदवा.

शेवटी फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका. कलम ४ प्रमाणे ती वाचून दाखवणं आणि मोफत प्रत देणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

‘लोकांच्या नजरेत’ म्हणजे काय? घरात येऊन शिवी दिली तर?

कलम ३(१)(आर) म्हणजे अपमान करण्याच्या हेतूने अपमान वा धाकदपटशा, आणि ३(१)(एस) म्हणजे जातीच्या नावाने शिवीगाळ. दोन्हींत घटना लोकांच्या नजरेत येईल अशा जागी घडलेली असावी लागते. जागा सरकारी असायला हवी असं नाही. तुमचं स्वतःचं अंगणही चालतं, जर रस्त्यावरच्या लोकांनी पाहिलं-ऐकलं असेल. हितेश वर्मा खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी हजर नसताना झालेला प्रकार यात बसत नाही. फोनवर दोघांतच झालेलं बोलणंही साधारणपणे बसत नाही. अशा वेळी धमकीचं कलम (न्याय संहिता ३५१, जुनं ५०६) तरी लागतंच.

या दोन कलमांना शिक्षा ६ महिने ते ५ वर्षं आणि दंड. ही नजरेची अट सगळ्या गुन्ह्यांना नाही. जमीन बळकावणं, सार्वजनिक पाण्यावर, रस्त्यावर किंवा स्मशानभूमीत अडवणं, वरातीत घोड्यावर बसू न देणं, मंदिरात जाऊ न देणं यांना वेगळी पोटकलमं आहेत. पावसाळ्यात प्रेत घेऊन उभं राहावं लागलं तर ‘जातिवाचक शिवी दिली’ असं जोडायची गरज नाही. अडवलं हाच गुन्हा आहे. नसलेली शिवी जोडली की असलेला गुन्हाही संशयात जातो.

बांधावरून भांडण झालं. त्यात ॲट्रॉसिटी लागते का?

वाद केवळ जमिनीचा असेल तर नाही, असं हितेश वर्मा निकालात आहे. मात्र जात हेच एकमेव कारण असावं असंही नाही. पाटण जमाल वली खटल्यात (२०२१) न्यायालयाने म्हटलं की जातीसोबत इतर कारणं मिसळलेली असू शकतात. बांध कोरला हा दिवाणी वाद, आणि बांध कोरताना लोकांसमोर जात काढली हा दुसरा विषय. दोन्ही एकाच परिच्छेदात कालवू नका.

महार वतनाच्या जमिनींचं प्रकरण वेगळं. १९५८ च्या कायद्याने वतनं गेली आणि जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसत असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झालेली विक्री तपासायला हवी. वीस हजार हातउसने देऊन स्टॅम्पवर अंगठा घेतलेल्या कागदाने अशी जमीन जात नाही. कब्जा दमदाटीने किंवा खोट्या कागदाने घेतला असेल तर ३(१)(एफ) आणि (जी) बघा.

ठाण्यात फिर्याद घेत नाहीत, ‘एनसी’ करून पाठवतात.

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यावर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास करत नाहीत. ॲट्रॉसिटीतले गुन्हे दखलपात्र आहेत, त्यामुळे एनसीची पावती हातात पडली तर ते काम झालेलं नाही.

पायऱ्या अशा. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. तो मिळाला नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षक, सातारा किंवा सांगली यांना पाठवा (१९९५ च्या नियमांतला नियम ५, तसंच सुरक्षा संहिता १७३(४)). पोचपावती जपा. तरीही नोंद नाही तर वकिलामार्फत न्यायालयात. घटना दुसऱ्या हद्दीत घडली म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा घ्यावा लागतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ वर तक्रार केली तर त्याचा क्रमांक लिहून ठेवा.

कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा अधिकारी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर कलम ४ खाली त्याला ६ महिने ते १ वर्ष शिक्षा आहे. त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, म्हणून हे कलम धमकीपुरतंच जास्त वापरलं जातं.

‘आधी चौकशी करू, मग गुन्हा घेऊ’ असं म्हणतात. बरोबर आहे?

नाही, आणि याचा इतिहास आपल्याच जिल्ह्यातला आहे. कराडच्या एका सरकारी महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातल्या शेऱ्यांवरून सुरू झालेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २० मार्च २०१८ ला सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आला. त्याने गुन्ह्याआधी प्राथमिक चौकशी आणि अटकेआधी परवानगी अशा अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घातलं: प्राथमिक चौकशी नको, अटकेला परवानगी नको, अटकपूर्व जामीन नाही. १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने स्वतःच्या त्या अटी मागे घेतल्या आणि १० फेब्रुवारी २०२० ला पृथ्वीराज चौहान खटल्यात १८-अ वैध ठरवलं.

आता नवी पळवाट ऐकू येते. सुरक्षा संहितेच्या १७३(३) मध्ये ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. कोणी ते दाखवलं तर १८-अ आणि कलम २० दाखवा. कलम २० प्रमाणे हा विशेष कायदा इतर कायद्यांच्या वर आहे.

तपास कोण करतो?

नियम ७ प्रमाणे पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी, म्हणजे तुमच्या भागाचे एसडीपीओ (कराड, फलटण, मिरज, विटा, जत वगैरे). फिर्याद ठाण्यातला फौजदार लिहून घेऊ शकतो, जबाब आणि पंचनामे मात्र तपासी अधिकाऱ्याचे हवेत. दोषारोपपत्राला ६० दिवस. ते दाखल झाल्यावर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात.

अर्थसाहाय्य किती आणि कधी?

२०१६ च्या नियमांप्रमाणे ३(१)(आर) आणि (एस) साठी १,००,००० रुपये: २५ टक्के गुन्हा नोंदल्यावर, ५० टक्के दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर, २५ टक्के खालच्या न्यायालयात शिक्षा झाल्यावर. बलात्कारात ५,००,०००. खुनात ८,२५,०००, निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे दोषारोपपत्रानंतर. शिवाय वारसांना निवृत्तिवेतन, मुलांच्या शिक्षणाचा खर्च.

तात्काळ मदत ७ दिवसांत द्यायची असते. ती का अडते? बहुतेक वेळा दाखला नाही, बँक खातं बंद पडलेलं, आधारवरचं नाव आणि फिर्यादीतलं नाव वेगळं. ‘बाळू’ आणि ‘बाळासाहेब’ यावर फाइल महिनोन्महिने पडून राहते, म्हणून फिर्यादीत कागदावरचं पूर्ण नाव लिहा. कागद सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्याकडे जातात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीने तीन महिन्यांतून एकदा बसायचं असतं. अडलेलं प्रकरण तिच्या सदस्याकडे बैठकीआधी लेखी द्या.

आमच्यावर ॲट्रॉसिटीची केस झाली. अटकपूर्व जामीन मिळेल का?

कलम १८ आणि १८-अ प्रमाणे नाही. अपवाद एकच: फिर्याद जशीच्या तशी खरी धरली तरी या कायद्याचा गुन्हा दिसत नसेल. त्या वेळी न्यायालय कागद वाचून ठरवतं, साक्षी-पुरावा तोलत बसत नाही. १ सप्टेंबर २०२५ ला धाराशिव जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम लावून, उच्च न्यायालयाने दिलेला अटकपूर्व जामीन रद्द केला.

अटक व्हायलाच हवी असंही नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस (जुनी ४१-अ) देऊन तपास चालतो. नोटीस आली तर हजर राहा. फिर्यादीच्या घरी ‘समजूत काढायला’ माणसं पाठवू नका, त्यातून साक्षीदारांवर दबावाचं दुसरं प्रकरण उभं राहतं.

विशेष न्यायालयाने जामीन नाकारला तर कलम १४-अ खाली उच्च न्यायालयात अपील. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे आणि सातारा-सांगली त्याच्या हद्दीत आहेत.

फिर्यादींसाठी: जामिनाच्या सुनावणीची नोटीस तुम्हाला मिळालीच पाहिजे आणि तुमचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, कलम १५-अ (३) आणि (५). हरिराम भांभी खटल्यात (२०२१) हे बंधनकारक असल्याचं न्यायालयाने सांगितलं.

खोटी केस असेल तर? आणि ‘ब समरी’ म्हणजे काय?

महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस न्यायालयाकडे समरी, म्हणजे केस बंद करायची मंजुरी, मागतात. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. ‘ब’ म्हणजे मुद्दाम खोटी तक्रार. ‘क’ म्हणजे गैरसमजातून, धड खरी ना खोटी. ‘ब’ मंजूर झाली तर फिर्यादीवर कारवाई होऊ शकते, म्हणून न्यायालयाची नोटीस आल्यावर गैरहजर राहू नका. हरकतीचा अर्ज द्या आणि वगळलेले साक्षीदार नावानिशी सांगा.

निर्दोष सुटला म्हणजे केस खोटी होती, हे समीकरण गावात सर्रास मांडलं जातं. ते चूक आहे. साक्षीदार फितूर होतो, कारण त्याला त्याच गावात ऊस घालायचा असतो, त्याच सोसायटीतून कर्ज घ्यायचं असतं.

तडजोड करता येते?

ठाण्यात किंवा तंटामुक्त समितीत नाही. हे गुन्हे आपसांत मिटवण्याजोगे नाहीत. रामअवतार खटल्याप्रमाणे (२०२१) मामला मुख्यतः खासगी स्वरूपाचा असेल आणि तडजोड दबावाखाली झालेली नसेल तर वरचं न्यायालय खटला रद्द करू शकतं. स्टॅम्पवर लिहून ‘केस मागे घेतली’ असं काही नसतं.

गावात चोरी झाली की पहाटे पालावर पोलिसांची गाडी येते. आम्ही काय करायचं?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवलं. पुढे १९११ आणि १९२४ चे कायदे आले. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापूरचा तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. संशयाची सवय गेली नाही.

आज कायदा काय म्हणतो ते पाठ असू द्या. चौकशीला साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी नोटीस, आणि बाई, १५ वर्षांखालचा मुलगा किंवा ६० वर्षांवरचा माणूस यांना ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्याकडे घरी जावं लागतं. पाल हे घरच आहे. अटक असेल तर कारणं लेखी आणि समजेल अशा भाषेत द्यायची, हे ६ नोव्हेंबर २०२५ च्या मिहीर शाह निकालाने पक्कं केलं. नातेवाइकाला कळवायचं, वैद्यकीय तपासणी करायची, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं.

नेणाऱ्याचं नाव, गाडीचा नंबर आणि वेळ कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर लगेच कोणाला तरी फोन करून सांगा, फोनवर वेळ आपोआप नोंदते. ‘अटक नाही, नुसतं बसवून ठेवलंय’ हा शब्दप्रयोग कायद्यात कुठेच नाही. २४ तास उलटले तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, आणि मॅजिस्ट्रेटसमोर नेल्यावर मार लागला असेल तर तिथेच तोंडाने सांगायचं. नंतर सांगितलेलं टिकत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं. तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला.

जात पंचायतीने वाळीत टाकलंय.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा (२०१६ चा, अंमल जुलै २०१७ पासून) कोणत्याही जातीला लागतो, एकाच जातीतल्या बहिष्कारालाही. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बोलावणं आलं नाही एवढ्याने भागत नाही. कोणी, कोणत्या बैठकीत, काय ठरवलं, किती दंड मागितला ते लिहा. मागितलेल्या पैशाचा मेसेज असेल तर पुसू नका.

कायद्यात ‘वंश’ हा शब्द येतो तो कशासाठी?

घटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी स्वतंत्र नावं आहेत. जात म्हणजे वंश नव्हे, ही भारत सरकारची २००१ च्या दरबान परिषदेतली भूमिका होती. व्यवहारात शब्दाचा उपयोग असा: पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर न्याय संहिता १०३(२), म्हणजे फाशी किंवा जन्मठेप. परप्रांतातून मिरजेला शिकायला आलेला मुलगा असो वा पाल ठोकून राहिलेलं कुटुंब, दोघांनाही हे कलम आहे.

वकिलाला पैसे नाहीत.

अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल आणि कोठडीत असलेला कोणीही यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघितलं जात नाही. विमुक्त-भटक्या पुरुषाला मात्र कोठडीत नसताना उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका न्यायालयातल्या समितीत करायचा. फोन १५१००. ॲट्रॉसिटीत खटला विशेष सरकारी वकील चालवतात. साक्षीच्या आदल्या दिवशी त्यांना भेटा आणि स्वतःची फिर्याद त्यांच्यासमोर एकदा वाचून घ्या. साक्षीला आल्याचा प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो, त्यासाठी एसटीचं तिकीट फेकू नका.